ई-रोड बाइक: बॅटरी, रेंज आणि किंमत यांचा हिशोब जुळत नाहीये, मदत करा

पेडलप्रेमी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं साधी रोड बाइक चालवतोय, ग्रुपसोबत. आमची सुट्टीच्या दिवशीची नेहमीची राइड साधारण ९५ किमीची आणि त्यात १३०० मीटर चढ. सपाटीवर ग्रुप ताशी २८-३० किमीने जातो, मागे राहून मला ते जमतं. खरा प्रश्न चढाचा आहे. गुडघा कुरकुरतोय आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की सायकल चालवा पण जड गिअरवर जोर लावून, हळूहळू पेडल रेटत चढ चढायचा नाही. म्हणून ई-रोड बाइक घ्यायचं ठरवलंय आणि आता दोन मॉडेलमध्ये अडकलोय.

पहिली - मोटर मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधोमध), ४० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), बॅटरी २५० वॉटअवर (तिच्यात मावणारी ऊर्जा), ॲल्युमिनियम फ्रेम, शिमानो १०५ मेकॅनिकल गिअर, पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ दात, वजन साडेतेरा किलो.

दुसरी - मोटर मधे क्रँकपाशी (पेडलचे दांडे जोडतात तिथे), ५० न्यूटन मीटर, ३६० वॉटअवर, कार्बन फ्रेम, इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग, वजन बारा किलोच्या आसपास. आणि किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट!

दोन्हींची मोटर ताशी २५ किमीच्या स्पीडला बंद होते. कंपनी म्हणते पहिली १०० किमी जाईल, दुसरी १४०. माझं वजन ७८, सायकल बाटल्या टूल सगळं धरून ९५ च्या आत-बाहेर. ह्या रेंजवर कितपत विश्वास ठेवायचा, १० न्यूटन मीटरचा फरक रस्त्यावर जाणवतो का, आणि दुप्पट पैसे टाकण्यासारखं दुसरीत खरंच काही आहे का, एवढं सांगा. दोन्ही थोडी थोडी चालवून बघितल्यात पण दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर काय कळणार.

---

वॉटमीटर

पहिली गोष्ट म्हणजे ते १०० आणि १४० किमी विसरून जा. खोटे आहेत असं नाही म्हणत, पण ते हलका रायडर, मोटरच्या मदतीचा सगळ्यात कमी मोड, वारा नाही, चढ जेमतेम, अशा परिस्थितीतले असतात. रोड बाइकच्या बाबतीत तर किमी हे मापच चुकीचं आहे, कारण सपाटीवर तुम्ही २५ च्या वर असता तेव्हा मोटर बंदच असते आणि बॅटरी जवळपास काहीच खर्च होत नाही. बॅटरी जाते ती चढावर. त्यामुळे कंपनीला किंवा दुकानदाराला "किती किमी जाईल" न विचारता आपणच "किती मीटर चढेल" ते काढायचं, आणि ते काढणं अजिबात अवघड नाही.

वजन गुणिले ९.८१ गुणिले उंची, उत्तर ज्यूलमध्ये येतं, त्याला ३६०० ने भागलं की वॉटअवर. १०० किलो वजन १००० मीटर वर न्यायला २७२ वॉटअवर लागतात, हा आकडा पाठ करून ठेवा, कायम उपयोगी पडतो. तुमचे ९५ किलो आणि १३०० मीटर म्हणजे जवळपास ३३७. चढावर टायरचं घर्षण आणि थोडा वारा धरून ३७० म्हणू.

आता हे ३७० तुम्ही आणि मोटर दोघांनी मिळून द्यायचेत. अर्धे तुम्ही दिलेत तर मोटरच्या वाट्याला १८५. पण मोटर बॅटरीतून घेते तेवढं सगळं चाकाला देत नाही, काही उष्णतेत जातं, पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के धरा. म्हणजे बॅटरीतून २३५-२४० निघणार. पहिलीची बॅटरी २५०. बघा कुठे आलात ते, शेवटच्या चढाच्या माथ्यावर बॅटरी संपलेली असेल आणि तीही नवी असताना! दोन-तीन वर्षांनी तिची क्षमता कमी झाल्यावर शेवटचा चढ पूर्ण स्वतःच्या पायावर.

हेच तुम्ही दोन तृतीयांश दिलेत आणि मोटरकडून एक तृतीयांश घेतलंत तर बॅटरीतून १६० च्या आसपास जातात, मग २५० वॉटअवर मजेत पुरते. म्हणजे प्रश्न बॅटरी किती मोठी यापेक्षा गुडघ्याला मदत किती हवी हा आहे. ते आधी ठरवा मग मॉडेल.

---

लांबपल्ला

वॉटमीटर यांनी म्हटलंय तेच, फक्त चालवणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी. मी मागच्या हबवाली चालवतो.

सपाटीवर मोटर २५ ला सोडते तेव्हा काही ब्रेक लागल्यासारखं होत नाही, हब मोटरमध्ये आत क्लच असतो त्यामुळे चाक मोकळं फिरतं. लोकांना भीती असते की मोटर बंद असताना एवढं वजन ओढत बसायचं. सपाटीवर ते वजन लागतच नाही हो. पाच किलो जास्त असतील तरी ३० च्या स्पीडला फार तर दोन वॉट जास्त लागतात, तिथे लढाई वाऱ्याशी असते वजनाशी नाही. तुम्ही ग्रुपच्या मागे राहताच, म्हणजे सपाटीचा प्रश्न मिटला.

जिथे त्रास होतो ती जागा वेगळीच आहे, २३ ते २७ च्या मधली. हलका चढ किंवा समोरून वारा, ग्रुप २६ ने चाललाय, आणि तुमची मोटर चालू-बंद चालू-बंद. काही सिस्टिम हे खूप सफाईने करतात, मदत हळूहळू कमी करत नेतात, काहींमध्ये झटका जाणवतो. हे स्पेसिफिकेशनच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं आणि रोजच्या राइडमध्ये याचाच जास्त वैताग येतो. टेस्ट राइडला मुद्दाम २५ च्या आसपास वरखाली करून बघा.

---

टॉर्करेंच

सायकल दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आकड्यांवरून पहिली माहले कंपनीच्या एक्स-३५ मोटरवाली आणि दुसरी टीक्यू कंपनीच्या एचपीआर-५० मोटरवाली वाटतेय. तसं असेल तर ४० आणि ५० ची तुलना करूच नका दादा, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेत. हबचा ४० थेट चाकावर मिळतो, तुम्ही कुठल्याही गिअरमध्ये असा. मधल्या मोटरचा ५० हा क्रँकवर, तो चेनमधून तुमच्या गिअरमधून चाकाकडे जातो. पुढे ३४ मागे ३४ असेल तर चाकावर ५० च्या ५०, आणि पुढे ५० मागे ११ असेल तर चाकावर फक्त ११. म्हणजे मधली मोटर तुम्ही गिअर नीट वापरला तरच जोर देते, आणि तिला चढावर हलका गिअर मिळाला की तीही तुमच्यासारखीच चांगल्या कॅडेन्सला (मिनिटाला पेडल किती वेळा फिरतं तो वेग), तिच्या आवडीच्या वेगात फिरते. हबवालीचं तसं नाही, चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरणार. ताशी ६ किमीला चाक मिनिटाला ४८ च्या आसपास फिरतं, तिथे ४० न्यूटन मीटर म्हणजे हिशोबाने २०० वॉट, आणि कमी फिरताना मोटर गरमही जास्त होते, बॅटरीतली जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. चार-पाच टक्क्यांच्या चढाला काही फरक वाटणार नाही, दहा-बारा टक्क्यांचा लांबलचक चढ असेल तर वाटेल. तुमचे १३०० मीटर कसले आहेत ते सांगा, लांब आणि सौम्य की छोटे आणि उभे?

दुसरा मुद्दा सेन्सरचा, आणि गुडघ्यासाठी हाच महत्त्वाचा. एक्स-३५ पेडल फिरतंय का एवढंच बघते आणि मोडप्रमाणे ठरलेली ताकद देते. टीक्यूमध्ये टॉर्क सेन्सर आहे, तुम्ही जेवढा जोर लावाल त्या प्रमाणात मदत. ऐकायला दुसरं चांगलं वाटतं आणि चालवायला खरंच छान वाटतं, पण दुखऱ्या गुडघ्याला कधी कधी पहिलं बरं पडतं कारण नुसते हलके पाय फिरवले तरी मोटर आपलं काम करत राहते. माहलेच्या पुढच्या एक्स-२० मध्ये टॉर्क सेन्सर आलाय, त्यामुळे हब म्हणजे सेन्सर नाही असं सरसकट धरू नका.

दुरुस्तीचं म्हणाल तर हबवालीत मागचं चाक पंक्चर झालं की वायरचा कनेक्टर सोडवायचा, पाना लावून नट काढायचे, रस्त्याच्या कडेला हे कटकटीचं आहे. एक्स-२० मध्ये थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा, पटकन निघणारा दांडा) आहे, काम सोपं झालंय. मधल्या मोटरमध्ये चाक साध्या सायकलसारखं निघतं, पण चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) लवकर झिजतात कारण तुमची आणि मोटरची दोघांची ताकद त्याच चेनमधून जाते. चेन वेअर गेज (चेन किती झिजली ते मोजायचं साधन) घेऊन ठेवा, चेन वेळेवर बदलली तर कॅसेट वाचते. क्रँकचा भागही त्याच कंपनीचा लागतो, हबवालीत मात्र साधा कुठलाही क्रँक चालतो, नंतर कधी क्रँकवर लहान दातेरी रिंग लावायची झाली तर सोपं.

---

स्पोक_स्पोक

मला जरा वेगळं म्हणायचंय. फक्त चढच जड जातोय ना, मग आधी गिअर बदलून बघा की. पुढे ४६/३० आणि मागे ११-३६ लावली तर खर्च नव्या सायकलच्या तुलनेत काहीच नाही, वजन वाढत नाही, चार्जिंग नाही, ॲप नाही, बॅटरी म्हातारी होत नाही. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३६ दात घेतो का ते आधी बघून घ्यायचं, बास. लोक थेट मोटरवर उडी मारतात आणि आपल्या सायकलवर सगळ्यात हलका गिअर कुठला आहे हेही त्यांनी बघितलेलं नसतं. हल्लीच्या रोड बाइक पण विकताना शर्यतीचे गिअर लावून विकतात, रायडर कोण आहे ते कोणी विचारत नाही.

---

वॉटमीटर

स्पोक, मुद्दा रास्त आहे आणि बऱ्याच जणांना तेवढ्यावर भागतं. पण यांच्या बाबतीत आकडे मांडून बघू. ८ टक्के चढ, ९५ किलो, आणि सतत १३० वॉट देणारा माणूस. वेग येतो साडेपाच-पावणेसहा किमी. ३४ ला ३४ गिअरमध्ये पेडल मिनिटाला ४५ वेळा फिरणार, हेच ते हळूहळू रेटणं जे डॉक्टर नको म्हणतायत. तुमचा ३०/३६ लावला तर ४५ चे ५४ होतात. सायकल पाच किलो हलकी राहिली म्हणून आणखी दोन-तीन मिळतील. फरक आहे, पण ८० च्या जवळ कुठेच जात नाही. त्याहून हलका गिअर लावला तर वेग एवढा कमी की सायकल सरळ धरणं अवघड.

मोटरने आणखी १३० वॉट दिले की वेग जातो अकरा-साडेअकरावर, मग एक-दोन गिअर जड करूनही कॅडेन्स ८० च्या आसपास राहतो आणि पेडलवरचा जोर जवळपास अर्ध्यावर येतो. गुडघ्याला हवं आहे ते हे. शिवाय वेळ बघा, ३७० वॉटअवर एकट्याने १३० वॉटने द्यायला पावणेतीन तासांहून जास्त चढ, अर्धं मोटरने दिलं तर दीड तासाच्या आत.

पण तुमचं एक म्हणणं मी उचलून धरतो, मोटर असली तरी हलका गिअर हवाच. बॅटरी संपल्यावर घरी तर यायचंय. दोन्हींपैकी कुठलीही घ्या, सगळ्यात हलका गिअर निदान १:१ (पुढे-मागे सारखेच दात) पाहिजे.

---

पेडलप्रेमी

एवढं सगळं लिहिलंत, मनापासून आभार. तो ज्यूल आणि वॉटअवरचा हिशोब मी वहीत लिहून आमच्या सगळ्या रूटना लावून बघितला, डोक्यात एकदम उजेड पडला.

टॉर्करेंच ताई, चढ लांब आणि सौम्य आहेत, पाच-सहा टक्के, फक्त शेवटचा एक तुकडा आठ-नऊचा आहे.

आता पैशाचं सांगा. दोन्हींच्या किमतीत दुपटीचा फरक नेमका कशामुळे? दुकानदार म्हणतो पहिली घ्या आणि वरून बाटलीच्या जागी बसणारी जादा बॅटरी घ्या, ती २०८ वॉटअवरची आहे. म्हणजे एकूण ४५८, दुसरीपेक्षा जास्त आणि तरी बरेच पैसे उरतात. यात काही गोम आहे का? आणि कधीतरी विमानाने सायकल घेऊन जायची माझी इच्छा आहे, ते ई-रोडला जमतं का?

---

टॉर्करेंच

गोम नाही, सल्ला चांगला आहे. फक्त जादा बॅटरी लावली की एक बाटलीची जागा जाते, लांब राइडला पाणी कुठे ठेवणार ते बघा, आणि ती रोज लावायची गरज नाही, मोठ्या चढाच्या दिवशीच लावायची.

दुपटीचा फरक मोटर-बॅटरीमुळे थोडाच आहे. उरलेला सगळा कार्बन फ्रेम, इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग, कार्बन चाकं यांचा. हे समजायला एक सोपी युक्ती सांगते, एकाच कंपनीची एकाच मोटरची स्वस्त आणि महाग मॉडेल शेजारी ठेवून बघा. ओर्बिया कंपनीच्या गेन या मॉडेलमध्ये एक्स-३५ ॲल्युमिनियम फ्रेममध्येही होती आणि कार्बनमध्येही, मोटर तीच बॅटरी तीच. किमतीतला फरक सगळा बाकीच्या सामानाचा. आता विचार करा, ९५ किलोच्या एकूण वजनात कार्बनने दीड किलो वाचवलं तर चढावर दीड टक्का फरक. साध्या रोड बाइकवर लोक त्या दीड टक्क्यासाठी जीव टाकतात ते समजू शकते, पण मोटर एक मोड वर टाकली की ते कुठल्या कुठे जातं. माझं मत विचाराल तर ई-रोडमध्ये पैसे लावायचे ते हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ३०-३२ मिमीचे चांगले टायर आणि फिटिंग ह्यांवर. उतारावर जड सायकल थांबवायची असते हो, तिथे फ्रेम कुठली याने काही होत नाही.

तरी दुसरीच्या बाजूनेही प्रामाणिकपणे सांगते. टीक्यू खूप शांत चालते, मदत इतकी नैसर्गिक की मोटर आहे हे विसरायला होतं, आणि जास्तीची बॅटरी न लावता ३६० वॉटअवर आतच मिळतात. तुमचे चढ दहा-बारा टक्क्यांचे असते तर मी दुसरीच घ्या म्हटलं असतं. पाच-सहाला हब व्यवस्थित काम करते.

घेण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या - आतली बॅटरी बदलायला आजच्या घडीला किती, ती बॅटरी पुढे किती वर्षं मिळेल, आणि बिघाड झाला तर तपासायचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे आहे का की सायकल दुसरीकडे पाठवणार. वॉरंटीत दोन वर्षं किंवा ५०० पूर्ण चार्ज अशी अट बऱ्याचदा असते, अर्धं चार्ज दोनदा केलं तर ते एकच धरतात. दोन्ही सायकलींची बॅटरी फ्रेमच्या आत असते, म्हणजे रोज ती काढत बसायचं नसेल तर चार्जिंगला अख्खी सायकल प्लगपाशी न्यावी लागणार, वरच्या मजल्यावर राहत असाल तर साडेतेरा किलो रोज उचलून बघा आधी.

---

लांबपल्ला

विमानाचं मी सांगतो. प्रवासी विमानात १६० वॉटअवरच्या वरची लिथियम बॅटरी नेताच येत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची आधी परवानगी लागते. म्हणजे तुमच्या दोन्ही सायकली बॅटरीसकट नेणं विसरा, आणि ती २०८ ची बाटलीवाली पण नाही. टीक्यूची एक्स्टेंडर, म्हणजे तशीच जादा बॅटरी, १६० ची आहे, बरोबर काठावर, ती परवानगीने जाऊ शकते आणि ती सिस्टिम नुसत्या एक्स्टेंडरवरही चालते, पण त्यासाठी आतली बॅटरी काढून घरी ठेवावी लागेल. मॉडेलप्रमाणे ती काढणं सोपं किंवा अवघड असतं, घेण्याआधी काढून दाखवायला सांगा. विमानप्रवास तुम्हाला खरंच महत्त्वाचा असेल तर दुसरीच्या बाजूने हा एक मोठा मुद्दा आहे, नाहीतर तिकडे भाड्याने घ्या.

---

पेडलप्रेमी

विमान वर्षाकाठी एखाद्या वेळी झालं तर, त्यासाठी दुप्पट पैसे नाही टाकणार. पहिलीकडे झुकलोय, जादा बॅटरीसकट. पण शेवटच्या आठ-नऊ टक्क्यांच्या तुकड्यावर नेऊन चालवल्याशिवाय पैसे देणार नाही, दुकानदार एक दिवस सायकल द्यायला तयार आहे. तिथे काय काय बघू?

---

वॉटमीटर

पूर्ण चार्ज करून घ्या आणि निघताना, प्रत्येक चढाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर बॅटरीची टक्केवारी लिहा. २५० वॉटअवरमधले १० टक्के म्हणजे २५, चढाची उंची माहीत आहेच, म्हणजे तुमच्या पायांनी आणि तुमच्या मोडमध्ये १०० मीटरला किती वॉटअवर जातात हा तुमचा स्वतःचा आकडा मिळेल. तो कंपनीच्या कुठल्याही रेंजपेक्षा खरा. वरच्या हिशोबाने अर्धी-अर्धी मदत असेल तर १८ च्या आसपास यायला हवा, २५ च्या वर गेला तर मोटर तुमच्यापेक्षा खूप जास्त काम करतेय किंवा तापतेय.

आठ-नऊच्या तुकड्यावर मुद्दाम मध्येच थांबा आणि तिथूनच परत सुरू करा. मोटर पेडल फिरल्यावर किती लवकर जागी होते ते कळेल, गुडघ्यावर सगळ्यात जास्त जोर त्याच क्षणी येतो. मग तोच तुकडा एकदा मोटर बंद करून थोडासा चढून बघा, जमत नसेल तर ११-३६ कॅसेट बसते का ते तिथल्या तिथे दुकानदाराला विचारा.

---

टॉर्करेंच

आणि मागचं चाक त्याच्यासमोर स्वतः एकदा काढून परत लावा, कनेक्टरसकट. पाना सायकलसोबत मिळतो का तेही विचारा. घेतल्यावर महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून द्या, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, आणि कडाक्याच्या थंडीत बाहेरून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.